उसना नर

सोनबिलाचं पाणी उतरलं की
सोनाबान भिंतीपाशी जाते.
बांबूच्या कुडावर कोळशाच्या रेघा :
कुणी किती घातली.
लंगडीची एकशे चार.
फुटक्या चोचीची नव्वदच,
पण तिची पिल्लं पुरात तगतात,
म्हणून त्या रेघांच्या डोक्यावर
चुन्याचं एक बोट.

नागेश्वरी. पाठ काळी कुळकुळीत, छाती पांढरी,
जणू घाईत कुणी पुढूनच तेवढी धुतली.
अंडं निळसर. काट्यावर ठेवताना
माझाच श्वास वजनात धरला जाईल असं वाटतं.

आमच्या खात्यानं मागं खाकी पिल्लं वाटली होती.
खाद्याचं पोतं संपलं तशी ती
उंबऱ्याशी येऊन बसली, पाहुण्यांसारखी.
हे सोनाबान सांगते, हसत नाही.
मी काटा पुसत राहतो.

यंदा खुडूक कोंबडीखालची बारातली सात अंडी
फुटलीच नाहीत.
मी म्हणालो, रक्त एकच झालंय.
लांबचा नर हवा.
ती कंदिलाची काच पुसत राहिली.
लांबचा म्हणजे पलीकडच्या काठाचा.
पलीकडच्या काठाला रूपजान, तिची जाऊ.
होडीच्या अर्ध्या वाट्यावरून
अकरा वर्षं अबोला.
होडी कधीच कुजून गेली.

तरी गेली. भाताच्या तुसात
लंगडीची चौदा अंडी घेऊन.
मी मागं, रिकाम्या टोपलीसह.
रूपजाननं अंडी एकेक कानाशी हलवून पाहिली,
दोन परत केली.
मग कुणाकडेच न बघता म्हणाली,
‘विकत नाही. उसना नेऊ दे.
पाणी चढायच्या आत परत.’

येताना नर माझ्या मांडीवर,
मान ताठ, घरजावयाचा तोरा.
काठावरून हाक आली :
‘रुसला तर रुसू दे,
रात्री कोल्ह्याला तेवढा देऊ नकोस!’
सोनाबाननं वल्हं थांबवलं.
उत्तर दिलं नाही.
बराच वेळ दिलं नाही.
मग ओरडली, ‘तुझ्याकडे कोल्हे जास्त!’

आता पाणी चढलंय.
कोंबडीमागून एकोणीस पिल्लं बिलात उतरतात
आणि ती बिचारी काठावर धावाधाव करते.
दर शुक्रवारी बाजारात निरोप येतो :
माझा नर कुठाय?
दर शुक्रवारी निरोप जातो :
येऊन ने.
नेत कुणीच नाही.

माझ्या वहीत ‘मालक’ असा एक रकाना आहे.
तो कोराच राहिला.
त्याच्यावर नराचा ओला पाय उमटलाय.
खात्याला असलं चालत नाही.