सव्वीस पाय, उसनवार

भारंबे मॅडम दुकानात आल्या तेव्हा
मी तांब्याची तार सोलत होतो.
म्हणाल्या, जुम्माभाऊ, भंगार पाहिजे. उसनं.
वीस वर्षांत भंगार उसनं मागणारं
हे पहिलंच गिऱ्हाईक.
वहीत लिहिलं: जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथी,
एक्केचाळीस किलो तीनशे. परत बोलीवर.

ठिबकच्या काळ्या नळ्या, उन्हानं तडकलेल्या,
केळीच्या घडांवरून उतरवलेल्या निळ्या पिशव्या,
सायकलच्या रिमा, जळक्या मोटरचं कवच,
कूलरचं गवत, त्याला अजून गेल्या मे महिन्याचा वास.
फवारणीचे डबे मॅडमनी पायानंच बाजूला सारले.
माझी सबिना त्या हातगाडीपुढे अशी चालत होती
जणू बापाचं दुकान वरातीला निघालंय.

आठ दिवसांनी गेलो. निमित्त, पकड विसरली होती.
पोरं भांडत होती.
दीपेश झोपेला जेसीबी हवा, कुणाला घोडा,
कुणाला तापीतली मगर, जी कुणीच पाहिली नव्हती.
मॅडम पायरीवर बसून, भेंडी चिरावी तशा
शांतपणे नळ्या कापत होत्या.
शेवटी ठरलं ते एवढंच, की ज्याचा त्याचा एक पाय.
पाय हाताला येतो. डोक्यापर्यंत पोचणार कोण?

सव्वीस पोरं, सव्वीस पाय.
एक जाड, एक फेंगडा,
एक डब्यावर डबा चढवत कंबरेशी येऊन थांबलेला.
शेवंती पावरानं आपल्या पायाला
सुतळीचं पैंजण बांधलं, बाटल्यांच्या झाकणांचं.
तिची माणसं सातपुड्यातून केळी कापायला आलेली.
तिला घाई होती.

धड नळ्यांचं, आयाळ कूलरच्या गवताची,
डोकं म्हणून पंख्याचं पातं.
टेबलावर टेबल रचून ते मॅडमनीच बसवलं.
पारावरची माणसं बघायला आली.
"काय व्हय हे? गोम?"
पोरं म्हणाली, "त्याचं नाव अजून पडलं नाही."

एप्रिल सरता सरता वादळ आलं.
शाळेचे चार पत्रे उडून थेट ग्रामपंचायतीत.
आणि रात्रभर ते पातं फिरत राहिलं,
भर्रर्र, भर्रर्र, गल्लीत कुणाला झोप नाही.
सकाळी बघतो तर ते उभंच,
फक्त चार हात सरकून
फाटकाकडे तोंड केलेलं.
वाऱ्यानं ढकललं, मी म्हणालो.
"चाललं," सबिना म्हणाली.
"नाहीतर एवढे पाय कशाला दिले?"

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी काटा घेऊन गेलो.
बोली म्हणजे बोली.
पण ते काट्यावर चढेना.
चार पाय ठेवले की बावीस बाहेर.
आणि उचकटायचं कुठून, हे मला,
अख्खी जीप दुपारपर्यंत सोडवणाऱ्याला, सुचेना.

तेवढ्यात दीपेशच चढला काट्यावर. "माझं करा."
मग रांग.
मी आपला लिहीत गेलो, हाताच्या सवयीनं,
त्याच पानावर, एक्केचाळीस तीनशेच्या खाली:
दीपेश, चोवीस दोनशे. सबिना, एकोणीस.
मुन्नी, चपलांसकट, वीस.
बेरीज केली नाही. दराचा रकाना तसाच.

शेवंती भरली सतरा.
सगळ्यांत कमी. उतरेचना.
मग उतरली, आणि वादळात तिच्या पायाचं
सुटलेलं एक झाकण धुळीतून शोधून आणलं,
मुठीत घट्ट धरून पुन्हा चढली.
"आता?"

माझ्या काट्याबद्दल गावात काय बोलतात
ते मला ठाऊक आहे.
नेहमी थोडं कमीच दाखवतो म्हणे.

सुई हलली नव्हती.
"हलली," मी म्हणालो,
आणि लिहिलं: सतरा शंभर.