थोडी हवा सोडून

गोडेलीव्ह बाई आल्या त्या सायकल हातात धरून, पायी.
म्हणाल्या, लीव्हन, सीट बदल रे. मऊ दे.
जेलची, पिसांची, काहीही.
चर्चपर्यंत पोचते तोवर बोटं बधिर होतात,
करंगळीखाली पट्टी काळी की पांढरी, कळत नाही.

मी सीटकडे पाहिलंसुद्धा नाही.
टायरवर अंगठा दाबला. दगड.
हवा कुणी भरली?
"योसनं."
योस म्हणजे थोरला भाऊ, पंचाहत्तरीचा,
तरुणपणी तीन शर्यती हरलेला.
हवा भरायची तर ठासून, नाहीतर चालत जा, असं त्याचं मत.

आमच्याकडे नदीपासून चर्चपर्यंत सगळी फरसबंदी.
पोरांची डोकी म्हणतो आम्ही त्या दगडांना,
गोल, पावसात तेल चोपडल्यागत.
कडक चाक त्यांवरून जातं
ते एकेका डोक्याशी भांडत,
आणि भांडणाचा दंड भरतात मनगटं.

टोपी काढली, नखानं वॉल्व्हची सुई दाबली.
फुस्स.
बाई मान कलती करून ऐकत राहिल्या.
"चढा लागतोय," म्हणाल्या.
जरा वेळानं, "आता बसला."

मग आपणहून सांगू लागल्या:
ऑर्गनच्या भात्याचंही असंच,
वारा फार झाला की नळ्या किंचाळतात,
कमी पडला की रडवेल्या होतात.
एकतीस वर्षं तेच सांभाळतेय,
हे कसं नाही सुचलं मला?
म्हटलं, बुडाखालचं कुणालाच सुचत नाही.

पुढे अडीच बार, मागे तीन.
मागे थोडी जास्त, वजन मागेच बसतं म्हणून.

गुरुवारी परत. पुढचं चाक भुईसपाट.
"अजून जरा सोडली मीच. इतकं बरं वाटत होतं!"
ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप डसल्यासारखी.
दगड आणि रिम एकमेकांवर धावून आले
आणि सोडवायला मध्ये हवाच नव्हती.
मी ठिगळ लावलं.
दारात योस. "सांगितलं होतं ना, ठासून भर."
त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

मग पुलापर्यंत जाऊन येणं, पुन्हा जाऊन येणं.
बास्केटमध्ये दुधाची रिकामी बाटली ठेवली, साक्षीला.
पहिल्या फेरीत ती अखंड बडबडली.
चौथ्या फेरीत एकदाच बोलली,
गटाराच्या झाकणावर,
तिथे तर बैलगाडीही बोलेल.

पंपाशेजारी भिंतीवर खडूनं लिहिलंय:
गोडेलीव्ह, पुढे २.६, मागे ३.१.
त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, दोनदा अधोरेखित:
योस, ५.

रविवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर कॉफी पीत बसतो.
पुलावरूनच ऐकू येतो योस,
घंटीची झाकणी, मडगार्ड, कवळीसुद्धा.
कबुतरं उडतात, माणसं बाजूला होतात.
त्याच्या मागून बाई कधी गेल्या
ते मला त्यांची पाठ दिसल्यावर कळतं.