आमचा बुधवार

तळघरात, धुलाईखोलीच्या दारावर
पाळ्यांचा तक्ता आणि सुतळीला लटकलेली पेन्सिल.
बुधवार, सहा ते आठ: वर्समे.
सोमालीत याचा अर्थ शुभवार्ता.
ताम्पेरेच्या या सहा मजल्यांत तो कुणी विचारला नाही,
आणि दर मंगळवारी रात्री
कुणीतरी शुभवार्तेवर काट मारतं.

आई चिडत नाही.
खाली पुन्हा लिहिते, जरा बारीक अक्षरात,
जणू जागा कमी लागली तर चालू आम्ही.
मशीन लावायच्या आधी फरशी पुसते,
जाळीतला कापूस काढते, आमचा नसलेलाही.
बोट ठेवायला जागा नको, म्हणते.
बोट ठेवणारे जागा शोधतातच, मी म्हणते.
ती मोज्यांच्या जोड्या लावत राहते.

घरात असे पुष्कळ नियम, कुठेच न लिहिलेले.
लिबानने अंधारात धावायचं नाही, बस सुटली तरी.
(डिसेंबरात इथे तीनलाच अंधार पडतो.)
बाबांनी लिफ्टमध्ये फोनवर फिनिशच बोलायचं,
पलीकडे मोगादिशूची आजी असली तरी.
तिला त्यातलं फक्त 'हो' कळतं.
तेवढ्यावर ती खूश असते.
आणि कुठे स्फोट झाल्याची बातमी आली
की आधी करणाऱ्याचं नाव ऐकायचं,
हळहळायचं नंतर.

काल मी जिन्यात दबा धरून बसले.
तिसऱ्या मजल्यावरची सिल्वी.
तिने काठी भिंतीला टेकवली, चष्मा वर सरकवला,
आणि सावकाश रेघ ओढली,
गोळी घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करावी तशी.

धावत वर आले, आईला सांगितलं.
ती अंजेरोचं पीठ ढवळत होती.
दोन हिवाळे ठाऊक आहे मला, म्हणाली.
रेघ बघ ना किती वाकडी,
एवढं थरथरणारं इथे दुसरं कोण?

दोन हिवाळे!
आणि दर गुरुवारी तिच्या ओल्या चादरींची टोपली
तिच्या दारापर्यंत कोण नेतं?
चादरी जड असतात, आई म्हणाली.

मला हे उत्तर आवडलं नाही.
अजूनही आवडलेलं नाही.

आज आमचा बुधवार.
मी लिहिलं, वर्समे,
चौकटीबाहेर जाईल एवढं मोठं.
पेन्सिल पार बोथट झाली होती.
दप्तरातून शार्पनर काढलं, टोक करून ठेवलं.
सिल्वीलाही सोपं जाईल.