पल्लीपतनाच्या तक्त्यात नसलेलं

शेजारचा ग्लेन डाबरे नऊ महिन्यांसाठी जहाजावर गेला
आणि जाताना आमच्या टीपॉयवर
काचेची पेटी ठेवून गेला. आत पाल.
"काका, फार काही मागत नाही ती."

कुमुदने पदर नाकाला लावला.
भिंतीवरच्यांना केरसुणीने हाकलण्यात
जिची चाळीस वर्षं गेली
तिच्याच घरात पालीला आता
वाळू, पाण्याची वाटी, लपायला नारळाची करवंटी.

मी एकोणतीस वर्षं ठाकुरद्वारच्या छापखान्यात
पंचांगाची प्रुफं वाचली.
पल्लीपतनाचा तक्ता माझ्याकडेच यायचा.
पाल पडली असता: मस्तकी, कपाळी, नाकाच्या शेंड्यावर,
पुरुषाची उजवी बाजू, बाईची डावी,
धनलाभ, कलह, बंधुदर्शन, मिष्टान्न.
एका साली माझ्या नजरेखालून
'वस्त्रलाभ'चा 'अस्त्रलाभ' होऊन गेला.
मालक पंधरा दिवस बोलले नाहीत.
वाचकांचं एक पत्र नाही.
माझगावात कुणाला तलवार मिळाल्याचंही
ऐकिवात नाही.

पण ही पाल पडत नाही.
हिच्या बोटांना भिंत धरताच येत नाही,
तेव्हा ही कुणाच्या आमटीत,
मानेवर, नशिबात
पडायची नाही.
पिवळी. अंगभर काळे ठिपके.
शेपूट गाजरासारखं जाड, त्यात अडीनडीची चरबी.
आणि पापण्या! हे ग्लेन बोलला नव्हता.
भिंतीवरचीला डोळे मिटता येत नाहीत,
ती जिभेनं पुसते.
ही मिटते. सावकाश,
वामकुक्षीत कुणी हाक मारली
की न ऐकल्यासारखं करतात, तशी.

दर दुसऱ्या रविवारी क्रॉफर्ड मार्केट.
लव्हबर्डच्या कलकलाटातून आत,
पन्नास रातकिडे, अंड्यांच्या पुठ्ठ्यासकट.
दुकानदार विचारतो, "नातवासाठी?"
मी हो म्हणतो.
मुलगाच नाही, तर नातू कुठला,
पण रातकिड्यांच्या हिशेबात ते कशाला.

एकदा चार सुटले, गॅसच्या शेगडीखाली शिरले
आणि रात्रभर गायले.
मी बॅटरी घेऊन ओणवा.
कुमुद पडल्या पडल्या म्हणाली,
"राहू देत. देवरुखला आल्यासारखं वाटतंय."

एका सकाळी ती सगळीच पांढरी,
ओल्या टिश्यूत गुंडाळल्यासारखी.
तोंडाने ओढून ओढून तिनं कात काढली,
आणि खाऊन टाकली.
"बरंय," कुमुद म्हणाली, "धुणं नाही, भांडी नाहीत,"
आणि कॅल्शियमचे दोन डबे,
एक हिचा, एक तिचा,
पुसून फळीवर शेजारी शेजारी ठेवले.

भाऊच्या धक्क्याकडून भोंगा आला त्या रात्री
भिंतीवरची एक उतरली, पेटीच्या काचेवर आली.
पोट काचेला, पोटातलं सगळं दिसत होतं.
आतली करवंटीतून बाहेर आली. वर पाहिलं.
केरसुणी दाराआड होती.
कुमुद उठली नाही.
दोघी किती वेळ तशा होत्या!
मग आतलीनं डोळे मिटले,
बाहेरचीला ते काही जमेना.

परवा ग्लेनचा दर्बानहून फोन.
करार वाढलाय, अजून चार महिने, चालेल का?
मी कुमुदकडे बघतोय.
"मग काय रस्त्यावर टाकू?
आहे तर आहे इथे," ती म्हणाली,
आणि ट्यूबलाइटमागून कुणीतरी चुकचुकलं.
सवयीनं तिच्या बोटानं लादीवर तीनदा टकटक केली.
कृष्ण, कृष्ण.
मग तिच्याच लक्षात आलं काय खरं ठरलं ते.
ती भाजी निवडायला लागली, जरा जास्तच जोरात.

रात्री मी तिला तळहातावर घेतो.
थंड नसते. खोलीएवढीच असते.
एवढी वर्षं वाचलेल्या तक्त्यात
पडलीचे सगळे रकाने आहेत,
आपणहून उचलून घेतलीचा नाही.
ती पाऊल टाकते. आयुष्यरेषेच्या जरा खाली
बोटं फाकतात, इवलंसं हंसपद,
मी ओळी-ओळींमध्ये हजारदा काढलं ते:
इथे काही सुटलंय.

समासात लिहायचं तर काय लिहू.
मूळ प्रत पाहावी, एवढंच लिहीत असू आम्ही.
ती चालत मनगटापर्यंत आलीय,
घड्याळाच्या पट्ट्यापाशी थांबलीय.
आतून कुमुद विचारते, झाकण लावलंत का.
लावतो म्हणतो.