चर क्रमांक दोन

माहीमच्या किल्ल्यात पहिली वीतभर माती म्हणजे
गुटख्याच्या पुड्या, बाहुलीचा एक पाय,
निळ्या ताडपत्रीच्या दशा.
साहेब म्हणाले, घमेल्यात भरा आणि टाका,
उत्खनन याच्या खालून सुरू होतं.

मी खापरांची चित्रं काढते.
लोखंडी फणीनं काठाचा बाक घ्यायचा,
डावीकडे छेद, उजवीकडे अंग,
आणि मधोमध एक उभी रेघ
जिच्याभोवती नसलेलं मडकं फिरतं.
सतरा वर्षं हेच.
आता आख्खं मडकं हातात आलं
तर त्यात काय बघायचं ते कळत नाही.

दुसऱ्या थरात कौलं.
तिसऱ्यात चिनी बशीची कपची, तिच्यावर पाऊण बगळा.
चौथ्यात मात्र तिसऱ्याच तिसऱ्या,
घमेलीच्या घमेली शिंपले.
धाकू नाखवा म्हणाला, बाई, या उकडून उघडल्यात,
सुरीनं फोडल्या असत्या तर ओठ तुटला असता.
साहेबांनी ते लिहून घेतलं,
धाकूचं नाव तेवढं राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत हमीदाबी यायच्या.
दोन बस बदलून, सातव्या मजल्यावरून.
नुकत्या सारवलेल्या जमिनीपाशी थांबावं
तशा सुतळीबाहेर चपला काढून उभ्या राहायच्या.
"हय माजी चूल व्हती. तय शरफू न्हावी.
बुरजात गिरनी.
गिरनी चालू झाली का बुरूज गुरगुरायचा."

साहेबांच्या आराखड्यात तटाच्या आत पांढरा कागद,
कडेनं बारीक अक्षरात:
अतिक्रमण, काढून टाकले.
जुन्या पेठेसाठी मात्र ठिपके.
इथे विणकर असावेत. इथे जकात असावी.
असावेत, असावी.
आमच्या शास्त्रातलं हे सगळ्यात जुनं क्रियापद.

नवव्या दिवशी दाराजवळचा धुण्याचा दगड उलटला.
साबणानं गुळगुळीत झालेली पाठ इतकी वर्षं वर,
तोंड मातीत.
चंद्र. सूर्य. सात ओळी.
खाली गाढव आणि बाई.
खणणारी पोरं हसली, मग एकेक करून
पाणी प्यायला निघून गेली.
गधेगाळ.
साहेबांनी पाच ओळी मोठ्यानं वाचल्या
आणि चष्मा पुसायला घेतला.
उरलेल्या दोन मी वाचल्या. मराठीच होती.

हमीदाबींनी फक्त पाठ ओळखली.
"ह्याच्यावर मी पोरांचे लंगोट आपटले," म्हणाल्या,
"तोंडाला काय लिवलंय?"
मी सांगितलं, शाप आहे.
दिलेली जागा जो काढून घेईल, त्याला.
त्यांनी ओढणी सावरली.
खाडीकडे बघत थोडा वेळ हिशेब केल्यासारखं केलं.
"मंग?"

मग काय.
दगड गोणपाटात बांधून टेम्पोतून गेला.
अमावास्येच्या भरतीला चरात खालून पाणी आलं,
शिंपले पुन्हा ओले झाले,
त्यांना वाटलं असेल, झालं एकदाचं.
साहेबांनी चर बुजवायला सांगितला.

बुजवायला आणलेल्या ढिगात
आमचीच पहिली वीतभर माती होती.
तिच्यातून एका कपाचा कान उचलला,
पांढरा, वर सोनेरी रेघ अर्धी उडालेली.
फणी लावली. डावीकडे छेद, उजवीकडे अंग,
मधोमध उभी रेघ.
थर: पहिला.
जागा: हमीदाबी परकार यांची चूल, पूर्वेला दोन हात.
काळ: परवापरवाचा.
असावा लिहायची गरज पडली नाही.

साहेबांनी कागद उलटसुलट बघितला.
हे काय?
कप, म्हटलं.