अर्धी पेटी

जांबोटी रोडला विटांच्या भट्टीवर
जेसीबीच्या दातानं सोललेली धामण
रवळूनं आणली ती उशीच्या अभ्र्यात.
अभ्रा मीच शिवलेला, कोपऱ्यात अबोली भरलेली.
म्हणाला, आत्ते, चारच दिवस.

फॉरेस्ट ऑफिसात साहेब रजेवर.
गार्ड बसनगौडा रोज फोनवर तेच: नाळे बा.
उद्या ये.
पूर्वी आमच्या गल्लीत दारांवर हेच लिहायचे
भूत परत जावं म्हणून.
रवळू भूत नव्हे, तो रोज जायचा.

जनावरांच्या डॉक्टरानं टाके घातले, सात.
कागदावर कन्नडात लिहिलं, केरे हावु.
मी खाली पेन्सिलीनं लिहिलं, धामण.
दोन्ही नावांनी हाक मारून बघितली.
तिला कान नाहीत. बरंच आहे की.

शिलाई मशीन ज्या लाकडी पेटीतनं आलं होतं
ती माळ्यावरनं उतरवली.
तळाला वर्तमानपत्र, पितळी वाटीत पाणी,
लपायला एक नळीचं कौल,
आणि जाळीच्या बाहेर, चटका बसू नये असा,
चाळीसचा बल्ब. एकाच टोकाला.
रवळूनं बजावलं: ऊब अर्ध्याच पेटीला.
उरलेली अर्धी थंड राहू दे.
नको झालं तर तिला सरकता आलं पाहिजे.
आणि खायला काही नाही. अंडं नाही, उंदीर नाही.
अंग गार असलं की पोटातलं पोटातच कुजतं.

मल्लव्वा तरी दूध घेऊन आलीच.
नको म्हटलं.
मग त्याचा आम्ही दोघींनी चहा केला.

पौषात एका रात्री दीडला करंट गेला.
मलप्रभेकडनं धुकं खिडकीच्या फटीतनं आत.
उठले. चूल पेटवली, पाणी ठेवलं,
गुडघ्याची माझी रबरी पिशवी भरली,
टॉवेलाचे दोन पदर गुंडाळून
मनगटाला लावून बघितली,
तानूची दुधाची बाटली बघायची तशी.

जाळी सरकवली.
विहिरीच्या ओल्या दोरासारखी पडलेली,
जीभ तेवढी आली बाहेर,
माझ्या हाताभोवतीची हवा चाखून परत गेली.
मी भित्रीच. चाळीस वर्षं हातात सुई,
पण तिच्या टाक्यांकडं बघवेना.
तरी बघितलं.
डॉक्टराचा टाका मोठा पडतो.
माझा बारीक पडला असता.

पिशवी ठेवली आणि शेजारीच बसले, कांबळं घेऊन.
अंधारात दुसरं काय करणार.
तानूला मी स्वेटर घालायचे, वर शाल,
वर कांबळं, वर मी.
सरकायला जागा कुठं ठेवली होती?
आता ती पुण्यात. रविवारी फोन, पाच मिनिटं.

सहाला करंट आला तेव्हा
ही थंड अर्ध्यात, डोकं कौलाखाली.
रात्रभराची माझी ऊब पलीकडं तशीच.
राग आला थोडा.
मग चहा ठेवला.

चारचे एक्केचाळीस दिवस झाले.
संक्रांतीला डोळे दुधाळ झाले,
चार दिवसांनी कात निघाली, टाक्यांपाशी फाटलेली.
रथसप्तमीला अकराच्या उन्हात
भट्टीमागच्या बांबूत तिला सोडलं.
बसनगौडानं वही पुढं केली.
वही कन्नडात, सही माझी मराठीत.
त्याला चाललं.
ती गेली ती अशी, की गवत हललं एवढंच.

रविवारी तानूचा फोन.
म्हणाली, इकडं फार थंडी पडलीय गे.
स्वेटर घाल, कानाला बांध, खिडकी लाव,
सगळं जिभेवर आलेलं.
हं, म्हटलं.
पलीकडं ती थांबली जराशी, मग स्वतःहून
भाडेकरणीचं, ऑफिसचं, कुणा एकाचं सांगत राहिली.
वीस मिनिटं झाली.

रिकाम्या पेटीवर बल्ब अजून जळत होता.
हेस्कॉमचं बिल येईल तेव्हा कळेल.
फोन कानाला तसाच धरून
बटण बंद करायला उठले.