पहिला शनिवार

लाइल टॉर्गरसनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी पोचायच्या आधीच जुनी चादर अंथरलेली असते.
बाहेर लुइसटाउनमध्ये उणे अठरा.
त्याच्या हातातला कप आता बशी वाजवत राहतो,
म्हणून हात माझे.
"तू इस्पितळातली डायलिसिसची यंत्रं सांभाळतेस,
मग याला काय, याला तर वीजही लागत नाही."

आधी मॅगझिन बाहेर.
बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये डोळा,
डोळ्याचा भरवसा नाही म्हणून करंगळी.
रिकामं, मी मोठ्याने म्हणते.
रिकामं, तो मागून म्हणतो,
आरतीत मागचा माणूस शेवटचा शब्द उचलतो तसं.

ब्रश एकाच दिशेने, चेंबरकडून तोंडाकडे.
कित्येक महिन्यांत गोळी सुटलेली नाही,
तरी पहिली चिंधी करडी येते,
दुसरीवर तांब्याची हिरवट कड,
कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकतं तशी.

इचलकरंजीला बाबा मागांवर जॉबर होते.
खंडेनवमीला पान्यांना कुंकू,
उरलेले सगळे दिवस रॉकेल.
म्हणायचे, पूजा रॉकेलनेच होते गं,
कुंकू म्हणजे नुसती पावती.

स्प्रिंग पट्टीशी धरून मोजते.
एक्स्ट्रॅक्टरचा आकडा नखाने चाचपते, झिजलाय का.
तेल थेंबभरच,
या थंडीत जास्तीचं तेल घट्ट होऊन बसतं
आणि पोलाद कुंथायला लागतं.

वही सत्याऐंशी सालापासूनची.
रकाने त्याने स्वतः आखलेले:
तारीख, गोळ्या, स्प्रिंगची लांबी, शेरा.
गोळ्यांच्या रकान्यात गेल्या मार्चपासून
शून्याखाली शून्य.

नोव्हेंबरात बोल्ट हातात घेतला आणि थांबले.
हलका.
सोनाराला कळेल एवढाच फरक,
आणि जॉबरच्या मुलीला.
आडवी खीळ काढली.
फायरिंग पिनच्या जागी पोकळी, स्वच्छ पुसलेली.
नोरीन सिंकपाशी बटाटे सोलत होती.
तिने मान वळवली नाही.
फक्त सुरी थांबली.

ऑक्टोबरातल्या एका रात्री तो गॅरेजमध्ये
दिवा न लावता खूप वेळ बसला होता,
हे तिने मला नंतर सांगितलं,
माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना,
दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल सांगावं तसं.

त्या दिवशी शेऱ्यात मी लिहिलं होतं: ठीक.
इस्पितळात असं लिहिलं असतं
तर नोकरी गेली असती,
आणि जायलाच हवी होती.

डिसेंबर: ठीक.
जानेवारी: ठीक.
पोकळीलाही मी तेल दाखवते,
नेम मोडू नये म्हणून.

आज जोडायला घेतलं, तर लाइलने हात पुढे केला.
बोल्ट त्याच्या तळव्यावर ठेवला.
हात थरथरला, तशी पोलादावरची उजेडाची रेघही.
इतकी वर्षं दर महिन्याला
याच तळव्याने तो तोललेला.
खिडकीबाहेर शेजाऱ्याचा कुत्रा
बर्फात काहीतरी उकरत होता,
लाइल त्याच्याकडेच बघत राहिला.

मग बोल्ट परत दिला.
"सगळं जागच्या जागी?"
सिंकपाशी नळ बंद झाला.
"हो," मी म्हटलं.

"असू दे मग."

वही त्याने स्वतःकडे ओढली.
पेन दोनदा निसटलं, मी उचललं नाही.
गोळ्यांच्या रकान्यात
शून्य त्याने स्वतः काढलं,
वेडंवाकडं,
पण टोकाला टोक जुळवून.